मोतीबिंदूची लेझर शस्त्रक्रिया : यंत्र काय करते, शल्यविशारद काय करतो

चेन्नई : लेझरची निवड केली की प्रकाशाचा झोत मोतीबिंदू विरघळवून टाकतो आणि डोळ्याला कोणतेही अवजार लागत नाही, अशी समजूत घेऊन अनेक रुग्ण नेत्ररुग्णालयात येतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. लेझर शस्त्रक्रियेचा केवळ पूर्वार्ध पार पाडतो. गढूळ झालेले भिंग बाहेर काढणे आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवणे ही कामे शल्यविशारदाच्या हातांनीच होतात. लेझरसाठी मोजावी लागणारी जादा रक्कम लक्षणीय असल्याने, हा फरक रुग्णाने व कुटुंबीयांनी आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

या विषयाचा विचार चेन्नईच्या संदर्भात करण्यास कारण आहे. एग्मोर येथील शासकीय नेत्र रुग्णालय १८१९ मध्ये सुरू झाले आणि जगातील सर्वांत जुन्या नेत्र रुग्णालयांत त्याची गणना होते. डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या शंकर नेत्रालयाकडे बंगाल आणि ईशान्येसह देशाच्या अनेक भागांतून रुग्ण येतात. मराठी वाचकाला या प्रांताशी आणखी एक धागा जोडतो. तंजावरचे सरफोजीराजे भोसले दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे करून ठेवली होती. ती सरस्वती महाल ग्रंथालयात आढळली असून चेन्नईतील नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे.

भारतात मोतीबिंदूचा प्रश्न आजही मोठा आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील व्यक्तींमधील अंधत्वाच्या सुमारे ६६ टक्के प्रकरणांत उपचार न झालेला मोतीबिंदू हे कारण होते. ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग पाहू’ हा घरोघरी मिळणारा सल्ला आता कालबाह्य झाला आहे. पिकलेले भिंग कठीण होते आणि ते फोडण्यासाठी अधिक ऊर्जा वापरावी लागते. वाचन, वाहन चालवणे किंवा दैनंदिन कामे अडू लागली, की शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यांपैकी एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. या शस्त्रक्रियेतील लेझरचे स्पंद इतक्या सूक्ष्म काळाच्या परिमाणात मोजले जातात. त्यामुळे आसपासच्या पेशींना फारशी उष्णता न पोहोचता ठरलेल्या खोलीवर छेद घेता येतो. मोतीबिंदूसाठी हे तंत्र प्रथम २००८ मध्ये हंगेरीतील बुडापेस्ट येथे वापरले गेले. डोळ्याच्या अंतर्भागाचे चित्र संगणकावर घेऊन लेझर कॉर्नियावर, म्हणजे बुबुळापुढील पारदर्शक आवरणावर, छेद आखतो. तो भिंगाच्या पिशवीला वर्तुळाकार उघाड देतो आणि भिंगाचे तुकडे पाडून ठेवतो. सिलिंडर नंबर कमी करण्यासाठीचे वक्र छेदही त्याच वेळी घेता येतात. त्यानंतर श्राव्यातीत ध्वनिलहरींचे फेको यंत्र ते तुकडे शोषून घेते. फेको पद्धत चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली आणि आजही लेझर शस्त्रक्रियेचा उत्तरार्ध तिच्यावरच उभा आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता मोजून भिंगाचा क्रमांक ठरवतात. हे मोजमाप चुकले तर सर्वोत्तम यंत्रही चष्मा टाळू शकत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना त्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात. मधुमेह, रक्तदाब आणि रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती द्यावीच. मात्र प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिन या गोळीचा उल्लेख करण्यास अनेक ज्येष्ठ पुरुष विसरतात. या औषधाने डोळ्यातील बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो. शल्यविशारदाला ते आधी ठाऊक असल्यास तो त्यानुसार तयारी करतो. डॉक्टरांना न विचारता कोणतीही गोळी बंद करू नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहुली मोठी करणारे व डोळा बधिर करणारे थेंब घातले जातात. बहुतेकांना पूर्ण भूल लागत नाही. लेझरखाली रुग्णाला उताणे झोपवून डोळ्यावर एक कडे टेकवतात आणि ते निर्वात दाबाने डोळा स्थिर धरते. हाच क्षण रुग्णांना अनपेक्षित वाटतो. डोळ्यावर दाब येतो आणि नजर क्षणभर अंधूक होते. लेझरचे काम थोडक्यात आटोपते, पण तेवढा वेळ डोके हलवता येत नाही. खोकला येणार असे वाटल्यास आधी सांगावे. अनेक केंद्रांत लेझरचे यंत्र स्वतंत्र खोलीत असते, त्यामुळे रुग्णाला तेथून शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. ‘एकदा झाले, पुन्हा कशाला?’ असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडतो. तिथे सुमारे अडीच मिलिमीटरच्या छेदातून भिंगाचे तुकडे शोषले जातात आणि घडी केलेले कृत्रिम भिंग आत सरकवले जाते. ते आत उलगडते आणि सहसा टाका लागत नाही. रुग्णाला प्रखर उजेड आणि हलते रंग दिसतात, अवजारे स्पष्ट दिसत नाहीत. त्याच दिवशी घरी जाता येते.

कड्याच्या दाबामुळे दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग दिसू शकतो. तो भयावह वाटला तरी एक-दोन आठवड्यांत विरतो.

मग लेझरने दृष्टी अधिक चांगली येते का? फ्रान्समधील पाच विद्यापीठ रुग्णालयांत सुमारे ९०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेझर पद्धत नेहमीच्या फेकोपेक्षा सरस ठरली नाही. खर्चाच्या तुलनेत ती किफायतशीरही आढळली नाही. ब्रिटनमधील ७८५ रुग्णांच्या चाचणीनेही दृष्टीच्या बाबतीत दोन्ही पद्धती तुल्यबळ असल्याचे दाखवले. छेदाची अचूकता आणि फेकोची कमी ऊर्जा हे लेझरचे गुण खरे आहेत, परंतु बहुसंख्य रुग्णांच्या नजरेत त्यांचा वेगळा लाभ उमटत नाही. कॉर्नियावर व्रण असलेले, बाहुली पुरेशी मोठी न होणारे किंवा कंपामुळे स्थिर झोपू न शकणारे रुग्ण या पद्धतीसाठी योग्य ठरत नाहीत. त्यांना फेको सुचवली गेल्यास तो दुय्यम उपचार नव्हे. सरकारी रुग्णालयांत हातांनी केली जाणारी, लहान छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रियाही कठीण मोतीबिंदूत उत्तम परिणाम देते.

खर्चाच्या अंदाजपत्रकात लेझर आणि भिंग यांची किंमत अनेकदा एकत्र मांडली जाते. ती वेगवेगळी लिहून मागावी. सिलिंडर नंबरसाठीचे टोरिक किंवा दूर-जवळ दोन्ही दाखवणारे मल्टिफोकल भिंग लेझरशिवायही बसवता येते. मल्टिफोकल भिंगाने काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. अनेक आरोग्य विम्यांत मोतीबिंदूसाठी स्वतंत्र कमाल मर्यादा असते. आयुष्मान भारत योजनेचा लाभ २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना खुला झाला असला, तरी तीत कोणती पद्धत व कोणते भिंग समाविष्ट आहे, हे रुग्णालयाकडे आधी विचारावे.

पुढील चार ते सहा आठवडे थेंबांचे वेळापत्रक पाळावे लागते. डोळ्यात पाणी जाऊ न देणे, डोळा न चोळणे आणि जड वजन न उचलणे, ही पथ्ये लेझरमुळे सुटत नाहीत. मुंबई-पुण्याहून आलेल्या रुग्णाने किमान दुसऱ्या दिवशीची तपासणी होईपर्यंत चेन्नईत थांबावे आणि परतीच्या दीर्घ रेल्वेप्रवासात धुळीपासून डोळा जपावा. वेदना किंवा लाली वाढत गेली अथवा सुधारलेली नजर पुन्हा घटली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

काही महिन्यांनी वा वर्षांनी भिंगामागची पिशवी धूसर झाली, की ‘मोतीबिंदू परत आला’ असे म्हटले जाते. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. ही धूसरता याग नावाच्या वेगळ्या लेझरने, बाह्यरुग्ण विभागात बसल्या बसल्या, काही मिनिटांत दूर करता येते. या उपचारात मात्र डोळ्याला खरोखरच कोणताही छेद द्यावा लागत नाही.