त्वचेच्या कॅन्सरवर चाललेली गोळी आतड्याच्या कॅन्सरमध्ये का फसली?

२०११ मध्ये अमेरिकेत व्हेमुराफेनिब या गोळीला मंजुरी मिळाली. ती होती मेलानोमा या त्वचेच्या घातक कॅन्सरसाठी. मेलानोमाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत बीआरएएफ जनुकात 'व्ही६००ई' नावाचा बदल असतो आणि गोळी नेमका त्यावरच मारा करते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही साधारण ८ ते १० टक्के रुग्णांत हाच बदल सापडतो. म्हणजे गोळी इथेही चालायला हवी होती. पण एकटी दिल्यावर ती बहुतेक रुग्णांत फसली.

असं का झालं?

बीआरएएफ हे एक एन्झाइम आहे. ते एमईके या एन्झाइमला सिग्नल देतं, एमईके पुढे ईआरकेला. निरोप एकच: वाढत राहा. जनुक बिघडलं की हा सिग्नल थांबतच नाही. त्यात ईआरके आणखी एक उद्योग करतं. बिम नावाचं प्रोटीन पेशीला मरणाकडे नेतं, ईआरके त्याचीच विल्हेवाट लावतं. बिम साचलं तर मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, मग कॅस्पेस-९ आणि त्यामागून कॅस्पेस-३ ही एन्झाइम्स जागी होतात आणि पेशीचा आतून फडशा पाडतात. यालाच अपॉप्टोसिस म्हणतात. बीआरएएफ बंद केलं की हे सगळं आपोआप घडेल, असा साधा हिशोब होता.

२०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या रेने बर्नार्ड्स यांच्या टीमने त्यातली चूक दाखवली. आतड्याच्या कॅन्सर पेशींवर ईजीएफआर हा रिसेप्टर भरपूर असतो. बीआरएएफ बंद होताच तो झटकन जागा होतो आणि दुसऱ्या वाटेने ईआरके पुन्हा सुरू करतो. मेलानोमाच्या पेशींवर ईजीएफआर फारसा नसतोच, म्हणून तिथे गोळी चालली.

मग दोन्ही वाटा एकदम अडवायचं ठरलं. ईजीएफआर रोखणारं सेटुक्सिमॅब बाजारात आधीपासून होतंच. ते आणि बीआरएएफ रोखणारं एन्कोराफेनिब ही जोडी 'बीकन' चाचणीत आधी उपचार झालेल्या, कॅन्सर पसरलेल्या रुग्णांना दिली गेली. रुग्णांचं मध्यक आयुष्य ९.३ महिने निघालं, नेहमीच्या उपचारांत ते ५.९ महिने होतं. एप्रिल २०२० मध्ये या जोडीला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

हा काही रामबाण उपाय नाही. काही महिन्यांनी गाठीत केआरएएससारख्या जनुकांत नवे बदल होतात आणि ईआरके परत डोकं वर काढतं. पण आतड्याचा कॅन्सर पसरला असेल, तर डॉक्टर बीआरएएफची तपासणी का करायला सांगतात, ते यावरून कळतं.