राजापूरची पेठ आणि इंग्रजांची वखार

राजापूर म्हटले की दोन गोष्टी चटकन डोळ्यांपुढे येतात : उन्हाळ्याची गंगा आणि इंग्रजांची वखार. गंगेच्या चौदा कुंडांत स्नान करून परतणारा यात्रेकरू पेठेकडे फारसा वळत नाही, आणि इतिहासाचा वाचक १६६१ सालापाशी थांबतो. आज आम्हांला बोलायचे आहे ते बाजाराच्या राजापुराविषयी.

इंग्रज येथे आले ते १६४९ च्या सुमारास. ते आले म्हणून बाजार वाढला असे नव्हे; बाजार होता म्हणून ते आले. समुद्रापासून सुमारे २४ किलोमीटर आत, जेथवर भरतीचे पाणी पोहोचे, तेथे हे गाव वसले. जैतापूरच्या मुखातून गलबते वर येत, आणि अणस्कुरा घाटाने घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरे. मिरी आणि कापड ह्यांवर इंग्रजांची नजर होती.

पुढे १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ व दारूगोळा घेऊन तेथे गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. व्यापाऱ्याने तराजू सोडून तोफेला बत्ती दिली, तर दुसरे काय व्हायचे? १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. ते सुटले १६६३ मध्ये. गंमत अशी की सुरतेच्या वरिष्ठांनी ह्या कैद्यांनाच ठणकावून कळवले होते : तुम्ही अडकलात ते कंपनीचा माल राखताना नव्हे, पन्हाळ्यावर गोळे टाकायला गेलात म्हणून! तरीही भरपाईची मागणी काही सुटली नाही. १६७४ साली राज्याभिषेकाच्या प्रसंगी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा राजापूरच्या नुकसानीपोटी दहा हजार होन द्यावयाचे ठरले. वखार पुन्हा उघडली, पण तिचा जम बसला नाही.

श्रोतेहो, हे सारे आपण इतके बारकाईने सांगू शकतो, कारण इंग्रजांनी आपली पत्रे जपली. त्या धामधुमीत झळ गावच्या सावकारांनाही लागली होती. त्यांच्या तोंडची हकीकत मात्र आपल्यापाशी नाही. फिर्यादी तेवढा बोलतो आणि शेजारचा साक्षीदार मुका, अशातला हा प्रकार आहे.

गाव बुडाले ते लुटीने नव्हे, गाळाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही अरबांची गलबते थेट येत असे जिल्ह्यातील एकच बंदर म्हणून सरकारी गॅझेटियर राजापूरचे नाव घेते. पण त्याच वेळी मोठे जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच अडे. वखारीच्या भक्कम दगडी इमारतीत तेव्हा सरकारी कचेरी होती. ज्या नद्यांनी गाव वाढवले, त्या अर्जुना आणि कोदवली आता पावसाळ्यात जवाहर चौकात शिरतात आणि दुकानदार माल माळ्यावर चढवतात.

त्याच माळ्यांविषयी आमची एक विनंती आहे. राजापुरातील, किंवा तेथून रत्नागिरीस येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या घरात आजोबा-पणजोबांच्या मोडीतल्या खतावण्या, हुंड्या, गलबतांचे हिशेब पडून असतील. दरवर्षी साफसफाईत असले कागद बंबात जातात किंवा वाळवीच्या तोंडी पडतात. ते टाकण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्या एखाद्याला एकवार दाखवावेत. मिरीचा भाव, गलबताचे भाडे, घाटावरच्या एखाद्या गिऱ्हाईकाची थकलेली बाकी, एवढे जरी हाती लागले, तरी इंग्रजांच्या पत्रांशेजारी ठेवायला आपल्यापाशी एक कागद होईल.