टाळ व झांज : संगीतप्रकारानुसार निवड

टाळ व झांज ही कांस्य किंवा पितळेची घनवाद्ये. निवडताना व्यासापेक्षा जाडी जास्त महत्त्वाची. टाळ लहान, जाड आणि मधोमध खोलगट. त्याचा नाद स्पष्ट, टोकदार व लांबणारा. झांज पातळ व पसरट. तिच्यात अनेक उपस्वर एकदम उठतात आणि नाद फुटून पसरतो.

वारकरी भजनात पखवाजासोबत शेकडो टाळ एका लयीत वाजतात, म्हणून तिथे जाड टाळच हवेत. पातळ झांजांच्या गर्दीत अभंगाचे शब्द बुडतील. टाळाची दोरी गळ्यात अडकवतात, त्यामुळे दिंडीत मैलोन्‌मैल चालताना वजन खांद्यावर येते आणि मनगट मोकळे राहते. नारदीय कीर्तनात आणि लावणीत एकाच आवाजाला साथ द्यायची असते. तिथे छोटी, हलकी झांज शोभते. ढोल-ताशा पथकाला मात्र मोठी झांजच लागते, कारण ढोलाच्या घुमाऱ्यावर तिचा चढा झणत्कारच टिकतो.

ड्रमसंचातील ‘राइड’ झांजेलाही हाच न्याय लागू आहे. ती साधारण २० ते २२ इंचांची, काठीने वाजणारी. जॅझसाठी पातळ व गडद, रॉकसाठी जाड व ठळक घुमटाची घेतात.

खरेदी करताना जोडी वाजवूनच घ्यावी. दोन्ही तबकड्यांच्या स्वरांत किंचित फरक असला, की नादात हेलकावे येतात आणि तो जिवंत वाटतो. फरक वाढला तर तो कानाला खुपतो. कडेची बारीक चीर बोटाने नीट तपासावी. ती वाजवताना वाढत जाते.