देवराई तोडणारे आणि गाणी पाठवणारे पाद्री

आज आपण एस्टोनियाला जातोय. बाल्टिक समुद्राच्या काठावरचा देश, लोकसंख्या साधारण 13 लाख. म्हणजे एकट्या पुणे शहरात याच्या दुपटीहून जास्त माणसं राहतात. निम्मा देश जंगलाखाली, बाकी दलदली, तळी, बेटं. बाहेरून तिथे गेलेला माणूस आधी या जंगलाच्या प्रेमात पडतो आणि मग तिथल्या गाण्यांच्या. पण मला सांगायचंय ते जुन्या काळी तिथे आलेल्या परक्यांबद्दल. कारण एस्टोनियन लोकांच्या जुन्या देवांबद्दल, गाण्यांबद्दल लिहून ठेवलेलं जे सगळ्यात आधीचं आहे, ते बहुतेक या परक्यांच्याच हातचं आहे. आणि ते काही पाहुणे म्हणून आलेले नव्हते.

पहिला माणूस हेन्री. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन धर्मयोद्ध्यांबरोबर आलेला पाद्री. त्याने लॅटिनमध्ये एक बखर लिहिली, तिच्यात 1220 च्या सुमाराची एक गोष्ट आहे. दोन पाद्री गावोगाव बाप्तिस्मे देत फिरतायत. विरुमा भागात एक टेकडी लागते, तिच्यावर अतिशय सुंदर राई. गावकरी म्हणतात, आमचा थोरला देव थारापिता इथेच जन्मला आणि इथून उडून सारेमा बेटावर गेला. आपल्या कोकणातली देवराई आठवली ना? एस्टोनियनमध्ये अशा राईला 'हीस' म्हणतात. तर त्या दोघांपैकी एक पाद्री पुढे झाला आणि त्याने तिथल्या देवांच्या लाकडी मूर्ती तोडून टाकल्या. मूर्तींमधून रक्त कसं येत नाही, याचं लोकांना नवल वाटलं, असं बखरीत लिहिलंय.

मला इथे थांबावंसं वाटतं. ती राई सुंदर होती हे आपल्याला कुणामुळे कळतं? तोडायला आलेल्यांच्या बाजूच्या माणसामुळे. गावकऱ्यांची बाजू लिहिणारं कुणी नव्हतंच.

आता साडेपाचशे वर्षं पुढे. मधल्या काळात डॅनिश, स्वीडिश, रशियन असे राज्यकर्ते बदलत गेले, पण जमीनदार जर्मनच राहिले आणि एस्टोनियन शेतकरी त्यांचे भूदास. जर्मन लोक त्यांना चक्क 'अ-जर्मन' म्हणायचे. म्हणजे तुम्ही कोण आहात ते नाही, कोण नाही आहात ते! ते स्वतःला म्हणायचे 'मारह्वास', मातीतली माणसं.

1757 मध्ये जर्मनीतल्या वायमारजवळचा एक वीस वर्षांचा पोरगा तिकडे पोचला. ऑगस्ट विल्हेल्म हुपेल. पुढे तो प्योल्त्सामा गावचा पाद्री झाला आणि तिथलं सगळं टिपायला लागला. नद्या, माती, प्राणी, शेती, लग्नाच्या रीती, भाषा. 1774 ते 1782 या काळात त्याचे तीन खंड छापले गेले. 1766-67 मध्ये एका डॉक्टरबरोबर त्याने एस्टोनियनमधलं पहिलं नियतकालिक काढलं. विषय काय? घरगुती औषधोपचार! हुपेल काही क्रांतिकारक नव्हता, पण इथे माणसं घोड्याकुत्र्यांच्या बदल्यात दिली जातात, हे त्याने छापून टाकलं.

त्याच प्रांतात, रिगा शहरात, 1764 मध्ये आणखी एक विशीतला जर्मन आला होता, हेर्डर. तो पाच वर्षं शिकवून परतला, पण लोकगीतांचं वेड काही सुटलं नाही. त्याने मागितली आणि हुपेलने ओळखीच्यांकडून एस्टोनियन गाणी जमवून पाठवली. 1778-79 मध्ये हेर्डरचा लोकगीतांचा संग्रह निघाला. त्यात या अडाणी समजल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांची गाणी मोठमोठ्या भाषांच्या शेजारी छापली गेली. त्यातलं एक तर भूदासांचं जुलमी मालकांविरुद्धचं गाऱ्हाणं होतं. मालकांच्याच भाषेत!

भूदासपण संपलं 1816 आणि 1819 मध्ये, तेही जमीन न देता. शेतकऱ्यांची मुलं शिकायला लागली, आणि मग 1888 मध्ये याकोब हुर्त या एस्टोनियन पाद्र्याने वर्तमानपत्रातून हाक दिली: आपल्या गावातली गाणी, गोष्टी, म्हणी लिहून पाठवा. शेकडो लोकांनी पाठवलं. शिक्षक, शेतकरी, कारागीर. एक लाखाहून जास्त पानं जमली. ती आज तार्तूच्या साहित्य संग्रहालयात आहेत.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्याही लाखाच्या घरात. तिकडची जुनी गाणीही जास्त करून बायकांनीच जपलेली. फरक बघा. हेर्डरच्या पुस्तकात ते गाऱ्हाणं गाणारं माणूस कोण, याचा पत्ता नाही. हुर्तच्या कागदांवर गाव आणि गाणाऱ्याचं नाव पुष्कळदा सापडतं, आणि आपल्या ओव्यांच्या नोंदीतही बाईचं नाव आणि तिचं गाव लिहिलेलं असतं.