तिसरं रान

कागलच्या शिवारात हरळी काढणाऱ्याला एक धास्ती कायम असते: आपलं रान तर खणलं, पण मुळी बांधाखालून शेजाऱ्याकडे गेली असेल तर? अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन करणाऱ्यांचा घोरही हाच. पोट, छाती आणि मान, यांतल्या किती ठिकाणच्या गाठी काढायच्या? त्यावरून ‘टू-फील्ड’ आणि ‘थ्री-फील्ड’ ही नावं पडली. फील्ड म्हणजे इथे शस्त्रक्रियेचं क्षेत्र, पण आमच्या कानांना रानच ऐकू येतं. आणि गाठी म्हणजे लसिकाग्रंथी. पायाला जखम झाली की जांघेत उठणारं अवधाण त्याच जातीचं. निपाणीचा तंबाखूबाजार हाकेच्या अंतरावर आणि सकाळी दातांना मिश्री, त्यामुळे हा रोग आमच्याकडे परका नाही.

आधी रानांचा हिशेबच नव्हता. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रांझ टोरेकने ६७ वर्षांच्या बाईंची छातीतली अन्ननलिका काढली. त्या पुढे १३ वर्षं जगल्या. घास शरीराबाहेरच्या रबरी नळीतून पोटात जायचा. पेशंट टेबलावरून जिवंत उतरला हीच कमाई, गाठी कोण मोजतो!

मोजल्या जपान्यांनी. अन्ननलिकेच्या अस्तराखाली लसिकावाहिन्यांचं जाळं उभं पसरलेलं असतं. त्यामुळे छातीतला रोग मधल्या गाठी सोडून एकदम मानेत उगवू शकतो. ऐंशीच्या दशकात तिकडे मानही साफ करू लागले. १९९१ साली इसोनो यांनी देशभरातला हिशेब मांडला: तीन रानांवाले ५ वर्षांनी ३४ टक्के हयात, दोनवाले २७. आकडा मोहात पाडणारा, पण मोठ्या ऑपरेशनला मुळात धडधाकट पेशंटच निवडले गेले नसतील कशावरून?

मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून तपासणं आलं. मुंबईत टाटा मेमोरियलनेही अशी चाचणी हाती घेतली. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या ४०० पेशंटांचा निकाल २०२१ साली छापून आला: दोन्ही गटांत ५ वर्षांनी ६३ टक्के हयात. तिसरं रान खणलं त्यांच्यातल्या साधारण पाचातल्या एकाच्या मानेत रोग सापडला, तरीही!

मला वाटतं, मेख बांधावरच आहे. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसेला बिलगून गाठींची एक माळ छातीतून मानेत चढते. ती छातीतूनच नीट वेचली, तर ‘दोन रानांचं’ म्हणवणारं ऑपरेशन तिसऱ्याच्या बांधापर्यंत पोचलेलंच असतं. वेचताना मात्र हात जपावा लागतो. नस दुखावली की आवाज बसतो, आणि पाण्याच्या घोटालाही ठसका लागतो.