लास वेगास येथील एक लाकडी विवाहमंदिर : अस्सल व नक्कल यांचा विचार

प्रस्तुत विषय या त्रैमासिकाच्या नेहमींच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु जुने कागद जमविणारांना जो प्रश्न पदोपदीं भेटतो तोच येथें निराळ्या वेषांत उभा आहे, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहें.

माझा एक भाचा अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत राहतो. त्याचा विवाह शेजारच्या नेवाडा राज्यांत, लास वेगास शहराच्या हद्दीला लागून असलेल्या 'लिटल चर्च ऑफ द वेस्ट' नांवाच्या विवाहमंदिरांत झाला. त्या प्रसंगीं मी हजर होतों. बाहेरून देवदाराच्या जातीचें लाकूड, आंतून कॅलिफोर्नियांतील तांबूस रेडवुड, उतरतें छप्पर व वर लहानसा मनोरा. डोंगरांतील एखाद्या जुन्या वसाहतीचें प्रार्थनामंदिर असावें तसें सर्व कांहीं. विधि आटोपल्यावर भाच्यानें सहज विचारलें, "मामा, किती जुनें असेल हो हें?" कागदांचीं वयें ठरविण्याची संवय अंगवळणीं पडलेली, तेव्हां तर्कानें उत्तर न देतां मीं तपास केला. त्याचें फल असें :

इमारत इ. स. १९४२ मधील आहे. त्या वर्षीं ३० ऑक्टोबर रोजीं 'हॉटेल लास्ट फ्रंटियर' उघडलें, त्याच्या परिवारांतील ही एक वास्तु. जुन्या पश्चिमेचें दर्शन प्रवाशाला नव्या सुखसोयींसह घडवावें ही त्या हॉटेलाची कल्पना होती, आणि आद्य वसाहतवाल्यांच्या चर्चचा नमुना उभा करावा हा हें मंदिर बांधणारांचा हेतु होता. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें व त्यानंतर डोंगरांत खाणवस्त्या उठल्या; हा वेष त्या काळचा. पण ज्या लास वेगासजवळ हें मंदिर उभें राहिलें, त्या गांवाच्या जमिनीचा लिलाव १५ मे १९०५ रोजीं झालेला. म्हणजे गांवाचें वय अवघें सदतीस वर्षें आणि मंदिराचा वेष त्याच्याहून अर्धशतकानें जुना! नक्कल म्हणून निकाल देण्यास एवढा पुरावा पुरेसा होता, व मीं मनांत तो देऊनही टाकला.

मात्र नक्कल कोणीं व कां केली हें पाहिल्याशिवाय कागद बाजूस ठेवूं नये, हा आपला नियम आहे. येथें कारण कायद्यांत सांपडतें. कॅलिफोर्नियानें १९२७ सालीं विवाहाच्या परवान्यासाठीं तीन दिवसांची मुदत घातली. नेवाडांत अशी मुदत नव्हती. शिवाय १९३१ सालीं त्या राज्यानें घटस्फोटासाठीं लागणारी वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली. तेव्हां सीमेपलीकडून जोडपीं येऊं लागलीं, आणि त्यांना घाई असली तरी 'चर्चमध्यें लग्न झालें' असें सांगण्याची हौस होतीच. ही हौस भागविण्यासाठीं हें मंदिर झालें. ५ जुलै १९४३ रोजीं चित्रपटांतील प्रसिद्ध नटी बेटी ग्रेबल व वाद्यवृंदाचा नायक हॅरी जेम्स यांचा विवाह येथेंच लागला. १९६४ च्या 'विवा लास वेगास' या चित्रपटांतील विवाहही याच ठिकाणचा.

पुढील वृत्तान्त याहून चमत्कारिक आहे. हॉटेलाच्या वाढीमुळें १९५४ सालीं हें मंदिर उचलून आवाराच्या दुसऱ्या बाजूस नेलें. १९७९ सालीं तें हॅसिएंडा हॉटेलाच्या जागेंत गेलें. १९९६ सालीं तें हॉटेल पाडण्याचें ठरल्यामुळें मंदिर पुन्हां हललें, व त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशीं हॅसिएंडा सुरुंगानें जमीनदोस्त झालें. मूळ 'लास्ट फ्रंटियर'चा वारसा सांगणारें 'न्यू फ्रंटियर' हॉटेलही २००७ सालीं तसेंच गेलें. आश्रयदाते नाहींसे झाले. आश्रित तेवढें राहिलें.

मध्यंतरीं, १९९२ सालीं, अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहींत या मंदिराचा समावेश झाला. त्या नोंदवहीचे नियम कडक आहेत. पन्नास वर्षांच्या आंतील वास्तु, तसेंच मूळ जागेवरून हलविलेल्या वास्तु, सामान्यतः तींत घेत नाहींत. हें मंदिर तेव्हां नेमकें पन्नास वर्षांचें, दोनदां हललेलें, आणि वर जुन्याची नक्कल! तरी तें घेतलें गेलें. मला याचा अर्थ असा दिसतो कीं, खाणवस्तीचा पुरावा म्हणून त्याला किंमत नसली तरी विसाव्या शतकाच्या मध्यास लोकांना जुनेपणाची किती व कशी ओढ होती, याचा तें प्रत्यक्ष पुरावा आहे.

आतां विवाहाविषयीं. मनूनें सांगितलेल्या आठ विवाहांपैकीं गांधर्व विवाह केवळ परस्परांच्या इच्छेनें होतो. त्यांतील उणीव पुराव्याची. महाभारतांतील शकुंतलेच्या कथेंत अंगठी नाहीं, तेथें आकाशवाणी साक्ष देते. नाटकांत कालिदासानें अंगठी आणली, आणि ती हरवतांच पत्नी परकी झाली. नेवाडांत या दोहोंचें काम क्लार्क परगण्याची कचेरी करते. परवाना तेथून घ्यावयाचा, विधीस साक्षीदार हवा, आणि विवाह लावणारानें दहा दिवसांच्या आंत दाखला कचेरींत पोंचता करावयाचा. म्हणजे इमारत नक्कल असली तरी तींत निर्माण होणारा दस्तऐवज पूर्ण अस्सल असतो.

येथें मला माझा एक जुना अपराध आठवला. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं एका नातलगाच्या वाड्यांत मोडी कागदांचे दोन रुमाल मिळाले. एकांत शिक्कामोर्तबाचे कागद होते. दुसऱ्यांत गिरणीच्या कागदावर केलेल्या नकला. पहिला मीं उराशीं धरून आणला. दुसरा तेथेंच ठेवला, व तो पुढें वाण्याकडे पुड्या बांधावयास गेला. त्या नकलांचीं अस्सलें नंतर पुष्कळ शोधलीं. कोठेंच मिळालीं नाहींत. शिवाय १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली, तेव्हां आपले हक्क राखण्यासाठीं घरोघर सनदांच्या नकला करविल्या जात. माझ्या हातून गेलेल्या नकला त्या धास्तीच्या काळच्या असतील, तर त्या जुन्या सनदांच्या नकला असूनही त्या धास्तीचीं मात्र अस्सल साधनें होत्या. हा विचार तेव्हां मला सुचला नाहीं.

यावरून असें म्हणावेंसें वाटतें कीं, नक्कल आणि बनावट यांत भेद करावा. जी आपला काल लपविते ती बनावट; जी लपवीत नाहीं ती आपल्या कालाची अस्सलच. त्या लाकडी मंदिरानें आपलें १९४२ हें साल कधीं लपविलें नाहीं. म्हणून संग्राहकांस विनंती कीं, नक्कल हातीं आल्यास टाकूं नये; तिचा कागद, हस्ताक्षर, आणि ती कोणीं व कोणत्या तंट्यासाठीं करविली, हें टिपून तिला अस्सलाशेजारीं जागा द्यावी.

भाच्यास मीं इतकेंच लिहून कळविलें, "मंदिर १९४२ चें आहे, व १९४२ चें म्हणून अस्सल आहे. तुमचा दाखला मात्र जपून ठेवा. आणि त्याची एक नक्कल मजकडे पाठवा."