चार हरणे, एक डोके

तीन वर्षांपूर्वी शेगावातल्या एका शाळेत मुलांना अजिंठ्याविषयी सांगत होतो. पडद्यावर पहिल्या लेण्यातल्या स्तंभशीर्षावरचे ते प्रसिद्ध शिल्प होते : हरणांची धडे चार, डोके एकच. बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, "युरोपात विसाव्या शतकात ज्या अशक्य आकृत्या निघाल्या, त्या आपण पंधराशे वर्षांपूर्वीच कोरल्या होत्या!" टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरची सातवीतली एक मुलगी उठली. "सर, दगडात कोरलंय म्हणजे ते शक्य झालंच की. मग अशक्य कसं?"

वेळ संपल्याचे सांगून मी सुटका करून घेतली. प्रश्न मात्र घरी सोबत आला.

पहिले लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातले, असे वॉल्टर स्पिंक यांनी मांडले आहे. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. माझी जीभ घसरली ती या वऱ्हाडी अभिमानापायीच.

आता दुसरी बाजू. ऑस्कर रॉयटर्सवॉर्ड या स्वीडिश मुलाने १९३४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, लॅटिनच्या तासाला नऊ घनांचा एक त्रिकोण काढला. हा त्रिकोण आपल्या रांगोळीत सहज उतरतो. मधल्या ओळीत १५ ठिपके आणि वर-खाली एकेक कमी करत ८ पर्यंत, अशी मांडणी केली की तिरप्या रेषांनी घन आपोआप उभे राहतात. प्रत्येक घन पुढच्याला थोडा झाकतो. असे करत फेरी पूर्ण केली की शेवटचा घन पहिल्याला झाकतो, म्हणजे जो सर्वांत पुढे होता तोच मागे गेलेला असतो. कुठलीही जोडी तपासा, चूक सापडत नाही. चूक फक्त अख्ख्या फेरीत आहे.

लायोनेल पेनरोज आणि त्यांचे पुत्र रॉजर (पुढे २०२० चे भौतिकीचे नोबेल मिळालेले) यांनी हाच त्रिकोण रॉयटर्सवॉर्डची माहिती नसताना स्वतंत्रपणे शोधला आणि १९५८ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'त छापला. एशरच्या १९६१ च्या 'धबधबा' या चित्रातले पाणी त्याच आधारावर उताराने वाहत वाहत पुन्हा माथ्यावर पोहोचते.

मग अजिंठ्याची हरणे यांचे पूर्वज का? मला आता तसे वाटत नाही. हरणांपाशी डोळा फसत नाही. तीन धडे हाताने झाका, उरलेले हरीण पूर्ण आहे. हात सरकवा, दुसरे पूर्ण होते. डोके पाळीपाळीने चौघांचे होते, आणि बघणाऱ्याला ही गंमत पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. त्रिकोणात पाळी नाही. तिथे डोळा सगळे एकदम मान्य करतो आणि नंतर बुद्धी हरकत घेते. एक शिल्पकाराची हजरजबाबी काटकसर, दुसरी दृष्टीच्या सवयीतली फट. त्यांना फार तर चुलत भावंडे म्हणू.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच होते. दगड शक्यच आहे. अशक्य आहेत ती तशी चार जिवंत हरणे. आणि त्रिकोणही लाकडात करता येतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी तो केला होता. तीन दांड्या काटकोनात जोडायच्या, दोन टोके उघडी ठेवायची, एक जवळ, एक लांब. एका ठरावीक जागेवरून, एक डोळा मिटून पाहिले की ती टोके जुळलेली दिसतात. पाऊलभर सरकलात की त्रिकोण उघडतो. हरणांना अशी जागा लागत नाही. खांबासमोर कुठेही उभे राहा, ती तशीच दिसतात.

यंदा जुलैत ते वाक्य मागे घ्यायला पुन्हा त्या शाळेत गेलो. ती मुलगी आता दहावीत आहे. पुठ्ठ्याचा त्रिकोण टेबलावर ठेवला आणि मुले रांगेने, एक डोळा मिटून, ती जागा शोधू लागली. तिला ती लगेच सापडली. मला घरी अर्धा तास लागला होता.